दोन पोचे

माझ्या मैत्रिणीला, हेरानला, चाळिशीत लेक झाली आणि माझ्यावर अंगठी फेडायची वेळ आली. माझ्या लेकाच्या पहिल्या वाढदिवसाला तिनं आमच्या कोरियातल्या रिवाजाप्रमाणे शुद्ध सोन्याची अंगठी दिली होती; दहा वर्षांत भाव पाचपट झाला. “एका ग्रॅमची दे, हल्ली सगळे तेवढीच देतात,” नवरा म्हणाला. मी कपाट उघडलं. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला, सोल शहरातल्या हॉलवर, तांदळाच्या वड्यांच्या ताटाशेजारी, हेराननं डबी उघडली, अंगठी उजेडात फिरवली. कडेला दोन बारीक पोचे होते. “अगं, ही तर मीच दिलेली.” “नवी परवडेना गं,” मी पुटपुटले. “पण वजन तेवढंच आहे.” “आणि हे पोचे?” “लेकानं चावलंय. तेव्हा दोनच दात होते.” ती हसत सुटली, तेवढ्यात मांडीवरच्या लेकीनं अंगठी तोंडात घातली. हेराननं बोट घालून काढली, पुसली, निरखली. “चार झाले. तुझ्या नातवाला हीच आणीन.”