उलटं मत

मालननं ह्या वेळी मत द्यायचं नाही, असं देवळात ठरलं, तेव्हा पहिल्यांदा हसली ती मालनच.

"म्हणजे मी घरात बसले आणि तरी उलटं मत पडलं, तर मी सुटले?"

"सुटलीस," दादू म्हणाला. "आणि नाय पडलं, तर ती तूच."

मग तिचं हसू गेलं.

गाव देवरूखच्या वर, डोंगरात. अर्धेअधिक बाप्ये मुंबईला, त्यामुळे मतं पडायची साठ-पासष्टच. पण पडायची ती एकगठ्ठा, हो! लोकसभेची निवडणूक आली की गुरव ग्रामदेवतेला कौल लावायचा. मूर्तीला चिकटवलेली पाकळी पडून देव ज्याला होकार देईल तो उमेदवार गावाचा, आणि सगळ्यांनी त्याच्याच चिन्हावर शिक्का मारायचा. एवढं केल्यावर पावसात फुगणारा वहाळ ओलांडायला साकव मिळेल, अशी आशा. साकव अजून मिळाला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

सत्त्याहत्तरला गावाला स्वतःचं मतदान केंद्र मिळालं आणि तिथंच घोटाळा झाला. गावाची पेटी वेगळी मोजली, तर त्यात एक मत उलटं निघालं. ऐंशीला पुन्हा एक. चौऱ्याऐंशीला पुन्हा एक. चिन्हं बदलली, उमेदवार बदलले, पण कुणीतरी एक बेटं देवाच्या शब्दाबाहेर जातच होतं.

गावकार भागोजी सत्तरी ओलांडलेले. गावकीत शेवटचा शब्द त्यांचा. ते दरवेळी म्हणत, "एका मतानं काय आभाळ कोसळत नाय. सोडा." एवढ्या मोठ्या मनाचा माणूस!

पण एकोणनव्वदला दादू मुंबईची नोकरी संपवून गावी आला आणि त्यानं विषय धसास लावला. मालन सून होऊन आली शहात्तरला, उलटं मत सुरू झालं सत्त्याहत्तरला. त्यातून ती सातवी शिकलेली. देवळात उभी राहून 'देवानंच ठरवायचं, तर आम्ही मतदानाला जायचं कशाला?' असं विचारणारी. झालं! आणखी काय पुरावा पाहिजे?

गुन्हा ठरला तर घर वाळीत. मालनच्या घरात सासू काशी, दोन महिने अंथरुणाला खिळलेली. नवरा शिवा मुंबईला गोदीत. म्हातारीनं डोळे मिटले तर खांद्याला चार माणसं कुठून आणायची, हाच एक विचार मालनच्या डोक्यात.

ती भागोजींच्या पाया पडली. "काका, तुम्ही तरी सांगा यांना. जो खरा आहे, तो आता कशाला उलटं मत देईल? गप गावाबरोबर देईल आणि मला अडकवून मोकळा होईल."

भागोजींनी पाय मागे घेतले.

"देवाला काळजी," ते म्हणाले.

ह्या वेळी कौल छत्रीला झाला. समोर उमेदवार एकच, त्याचा दिवा.

मतदानाच्या दिवशी मालन सासूच्या उशाशी बसून राहिली. बाहेरून बायका शाळेकडे जात होत्या. एरवी हाक मारल्याशिवाय पुढे न जाणारी तुळसा, दादूची बायको, आज खाली मान घालून गेली. शेजारची येसूबाई तेवढी पेजेचं भांडं घेऊन आत आली.

"घाबरू नको गो बाय."

"कशी घाबरू नको? एक मत पडायला पाहिजे, येसूबाई. फक्त एक!"

येसूबाईनं भांडं उशाशी ठेवलं. पदर खोचून मत द्यायला गेली.

सगळ्यात शेवटी भागोजी गेले. बाहेर आले ते काठी आतच विसरून. वय झालेलं, चालायचंच. मालन आणि अंथरुणातली काशी सोडून सगळ्या गावाचं मतदान झालं. एकूण त्रेसष्ट.

मोजणीला दादू रत्नागिरीला गेला, तो दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं परतला. गाव देवळात जमलेलंच होतं. मालन खांबाला धरून उभी. दादूनं खिशातला कागद काढला, उघडला, पुन्हा घडी घातली.

"वाच की रे मेल्या!" येसूबाई ओरडली.

"छत्री एक," दादू म्हणाला. "दिवा बासष्ट."

कुणाला काही कळेना. गुरवानं कागद हातात घेऊन उलटा करून बघितला. मग येसूबाईनं पदर तोंडाला लावला.

"मला वाटलं, पोरीला सोडवायला माझं एकटीचं दिव्याला जाईल. बाकी गाव आहेच छत्रीला."

"अगो, मलापण तसंच वाटलं!" आनंदीबाई म्हणाली.

"माझंपण धरा," गुरव हळूच म्हणाला. आणि मग एकेक करत सगळेच बोलायला लागले. तुळसा नवऱ्याकडे बघत होती. दादूनं डोकं खाजवलं.

"माझंपण. काशी माझी चुलती हाय. खांदा मलाच द्यायचा होता ना?"

देवळात असा हशा पिकला, की मालन हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. येसूबाईनं तिला पोटाशी धरलं. साकव गेला तर गेला, असं कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा सगळे हसले.

"पण थांबा," गुरव म्हणाला. "छत्रीला एक पडलंय ना? देवाचा शब्द पाळणारा एक तरी निघाला! कोण आहे तो? पुढे या. मानाचा नारळ त्याचा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. पुढे कुणीच येईना.

भागोजी खाली मान घालून बसून राहिले. गावानं ठरवलेल्या चिन्हावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच शिक्का मारला होता.