रूबेनला छडी हवी होती

आवळे दोघांनी तोडले होते, छडी मात्र एकट्या बिन्यामीनला बसली.

शनिवारी झाडावरचं काही तोडायचं नाही, हा शहापूरच्या त्या यहुदी हायस्कुलातला नेम. शनिवारी लिहायचं नाही, कंदील लावायचा नाही, गावाबाहेर जायचं नाही. मटणावर दूध प्यायचं नाही, ते कुठल्याच वारी. शनिवारी मारायलाही बंदी असल्याने शनिवारच्या गुन्ह्याची छडी रविवारी सकाळी मिळे. तेवढी रात्र पोरांनी हात चोळत काढायची.

रूबेनला या नेमांचा वीट आला होता. मुरबाडला त्याच्या बापाचं तेलाचं दुकान होतं. शनिवारी दुकानाला कुलूप लावलं की घरचा धर्म संपला. इथे वाक्रूळकर हेडमास्तरांनी मुंबईहून सगळा धर्म गाठोडं बांधून आणला होता आणि तो पोरांच्या डोक्यावर ठेवला होता.

पण त्या रविवारपासून नेमांपेक्षा वाईट दुखणं मागे लागलं. बिन्यामीन त्याचा जिवाचा मित्र. त्याने सुजलेला हात पुढे धरून विचारलं, "तुला का नाय मारलं?"

मग पोरांनी मागचं सगळं उकरून काढलं. शनिवारी पाटीवर चित्र काढलं तेव्हाही रूबेन सुटला होता. गणित चुकलं की त्यालाही सगळ्यांसारखाच मार बसे, पण आयझॅक म्हणाला, ते नुसतं दाखवायला. हा मास्तरांचा हेर आहे.

आयझॅकचा राग जुना होता. सापगावची गोजरबाई दर शनिवारी येऊन वसतिगृहाची चूल पेटवून चहा ठेवी. ती हिंदू, तिला शनिवार लागू नव्हता. एकदा तिला उशीर झाला म्हणून आयझॅकनेच काडी ओढली. मास्तरांनी पातेलंभर चहा अंगणात ओतला. यहुद्याने शनिवारी पेटवलेल्या चुलीवरचं तोंडाला लावायचं नाही, असं बजावलं, आणि रविवारी आयझॅकला फोडून काढलं.

आता रूबेन खोलीत शिरला की बोलणी थांबत. बिन्यामीनने आपली वळकटी दुसऱ्या कोपऱ्यात नेली. रूबेनला रडू आलं, ते त्याने विहिरीवर जाऊन उरकलं. मार चुकवण्यासाठी धडपडणारी पोरं पुष्कळ असतात. याला मार हवा होता, सगळ्यांच्या देखत, चांगला सणसणीत.

त्याने मटणाच्या जेवणावर, मास्तरांच्या समोर बसून, पेलाभर दूध प्यायलं. मास्तरांनी ते पाहिलं, मान वळवली, आणि शेजारच्या आयझॅकला भात सांडला म्हणून झापलं.

प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष लागतात. एका सकाळी रूबेनला धरून दहा होत होते. तरी मास्तरांनी पोस्टातल्या आवसकरांना बोलावून आणलं, मगच पुस्तक उघडलं. रूबेन तेरा वर्षं पुरी करून चौदाव्यात होता. मास्तर म्हणाले, तू अजून कच्चा आहेस. पोरं एकमेकांकडे बघून हसली.

त्याची आई हन्नाबाई महिन्याने मोटारीने भेटायला आली. एलियाहू नबीला गोड पोह्यांच्या मलिद्याचा नवस बोलून, केस पिकायला लागल्यावर हा मुलगा तिच्या पदरात पडला होता. त्याने सगळी तक्रार सांगितली. ती पदराशी चाळा करत राहिली.

"मारत नाय ना तुला? मंग गप रा ना रे," ती म्हणाली. आणि परतीची मोटार गाठायला उठली.

त्या रात्री बिन्यामीन कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलला. "शाळेत घातलं तेव्हा तुझी आयस दार लावून मास्तराशी बोलत होती. भायेर आली तर रडलेली. काय ठरवलंन रे तिनं?"

रूबेनलाही तेच कळेना. आई मास्तरांना तेलाचे डबे पोचवते की काय, अशी शंका त्याच्याही मनात आली, आणि तिची चीड आली.

पौषातल्या शनिवारी गोजरबाई आलीच नाही. ती म्हशाच्या जत्रेला गेली होती. थंडी अशी की लहान पोरं गोधड्या पांघरूनच स्वयंपाकघरात येऊन बसली. मास्तर अजून प्रार्थनेच्या खोलीत होते.

रूबेन उठला. त्याने फळीवरची काडेपेटी घेतली, सगळ्यांच्या देखत काडी ओढली, चूल पेटवली, वर पातेलं ठेवलं. चहाला आधण आलं तेव्हा मास्तर दारात उभे होते.

"मास्तर, चूल मी पेटवलीय," रूबेन म्हणाला. "गोजरबाई नाही, मी."

"दिसतंय."

आता उद्याची छडी कुणाच्या बापालाही टाळता येणार नव्हती. बिन्यामीन जागेवरून उठला आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. आयझॅकही सरकला. इतकं सुख रूबेनला शाळेत आल्यापासून झालं नव्हतं.

मास्तरांनी पातेलं उतरवलं आणि अंगणाच्या दारापर्यंत नेलं. तिथे ते थांबले. अन्न उगाच टाकणं हाही त्यांच्या लेखी गुन्हाच होता, आणि मागे पोरं कुडकुडत होती. मग परत आले, स्वतःचा पेला भरला आणि एक घोट घेतला.

"प्या रे सगळ्यांनी," रूबेनकडे न बघता ते म्हणाले. "गोजरबाईसारखी याने पेटवलेलीही चालते."