सुतक न्हाई

पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी धान्य गोळा करत कॉलेजची पोरं सायकलींवर नगरहून कोपरगावकडे निघाली होती. गाव आलं की घंट्या वाजवायच्या, मग बायका सुपं भरून दारात यायच्या. वाटेत रस्त्याकडेला कुडाच्या नव्या खोपटांची रांग लागली. पुढे असलेला जालिंदर हळूच म्हणाला, "इथं घंटी नको रे. यांचीच चूल कशीबशी पेटत असेल." सगळे गुपचूप पुढे निघाले.

मागून हाक आली, "थांबा की रं!"

एक म्हातारी सुपातल्या बाजरीवर हात धरून लगबगीनं येत होती. धापा टाकतच तिनं विचारलं, "माझ्या घरात सुतक हाय का? मागनारा दार टाळून जातो, तो फकस्त सुतकात. शेजारनी काय म्हनतील?"

जालिंदर ओशाळला. "तसं नाही, आजी. तुमचंच अवघड दिसलं, म्हणून थांबलो नाही."

"अवघड हायच. पर सुतक न्हाई. धर पोतं."

त्यानं दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड धरलं. तिनं सगळं सूप त्यात रिकामं केलं.

"आजी, संध्याकाळच्या सभेत आम्ही देणाऱ्या गावांची नावं घेतो. तुमचं गाव कोणतं सांगू?"

म्हातारीनं रिकामं सूप उचलून खोपटांमागं लांबवर चमकणाऱ्या धरणाकडे दाखवलं.

"त्या पान्याखाली हाय."