निवळलेला लाल

अभ्रकाचा पापुद्रा नुसता पाहिला तर पाण्यासारखा दिसतो. दोन खास काळ्या काचांच्या मध्ये धरला की त्यावर रंग उमटतो, आणि रंगावरून त्याची जाडी कळते. कारखान्यात या रंगांना नावं दिली होती ती कारागिराच्या बायकोने. गडद लाल म्हणजे ‘सासूचा राग’, फिकट पिवळा म्हणजे ‘उसनं हसू’. ती गेल्यापासून कारागिराने तिचा विषय कुणाला काढू दिला नव्हता. आता पापुद्रे तपासायला तिच्या जागी नवी मुलगी आली होती, आणि तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

“काका, साध्या पापुद्र्यात रंग येतो कुठून?”

“आत शिरताना उजेडाचे दोन भाग होतात. एक पुढे निघून जातो, दुसरा मागे रेंगाळतो. शेवटच्या काचेतून दोघं एकत्र बाहेर पडतात, तेव्हा रंग दिसतो.”

एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला. मुलीने पुढचा पापुद्रा धरला.

“हा सासूचा रागच ना? पण जरा निवळलेला वाटतोय.”

“याला नाव नाही.”

“मग मी देऊ?” ती म्हणाली. शेजारच्या बायकांचे हात थांबले. “सासूचा राग निवळलाय, म्हणजे ‘सुनेला दिवस गेले’!”

कारागिराने पापुद्रा तिच्या हातातून घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसू काही आवरेना.

“आमची ही असती ना,” डोळे पुसत तो म्हणाला, “तर जळली असती तुझ्यावर.”