शिल्लक साठा

"काय मॅडम, आकडा उतरला का?" डब्यातला शेवटचा घास संपवत बाबांनी विचारलं.

दर शुक्रवारचा हा प्रश्न. विद्यापीठाच्या आवारातून हवा-पाण्यात किती नायट्रोजन जातो, ते मोजणं तिचं काम. तिथली हिरवळ राखणं बाबांचं. दोन वर्षांपूर्वी ती जेवताना कुरकुरली होती, "तुमचा युरिया आहे तोवर माझा आकडा काही उतरत नाही." बाबा नुसते हसले होते.

हल्ली तिला त्या प्रश्नाचाच संशय येई. महिन्याला दहा गोणी युरिया येत होता. आकडा त्या खरेदीवरून निघे. उरलेला माल वजा करायचा. 'शिल्लक साठा' या रकान्यात ती न विचारताच शून्य भरी. पण नाल्याच्या पाण्यातलं नायट्रेट निम्म्यावर आलं होतं. गोण्या मातीत जात नव्हत्या. मग कुठे? बाजारात? गोदामाची किल्ली बाबांकडे. रोज सकाळी ताडपत्री झाकलेला हातगाडा ओढत ते कॅन्टीनच्या मागून येत, ते आणखी एक कोडं.

"नाही उतरला," ती म्हणाली. "बाबा, गोदाम बघायचंय."

त्यांचा हात खिशावर गेला. "तिथे काय बघणार? उंदीर?"

"गोण्या मोजायच्यात."

"मोज की. वर्ष संपू दे. जरा कळ काढ."

कळ कशासाठी? माल हलवायला? तिने डब्याचं झाकण लावलं आणि "निघते" एवढंही न म्हणता उठली.

शनिवारी सकाळी बाबा हिरवळीवर कोसळले. हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

पंधरवड्यानंतर, बाबांचं दिवसकार्य आटोपल्यावर, सुरक्षा अधिकाऱ्याने तिच्या हातावर किल्ली ठेवली. "सोबत येऊ का, ताई?"

"नको."

रिकामं गोदाम दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नये, म्हणून ती एकटीच गेली.

कुलूप निघालं. दार जेमतेम हातभर उघडलं आणि अडलं. ती आडवी होऊन आत शिरली.

जमिनीपासून छपरापर्यंत गोण्याच गोण्या. एकीचीही शिवण उसवलेली नव्हती. दारामागे, दाराला अडलेला तो हातगाडा; ताडपत्रीखाली कॅन्टीनमधल्या साली-देठांचं काळंभोर खत. दाराच्या आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात खडूने लिहिलं होतं: 'युरिया बंद. पोरीचा आकडा उतरेपर्यंत.' खाली दर शुक्रवारची तारीख, आणि प्रत्येक तारखेपुढे 'नाही'.

तिने खडू उचलला. लिहवेना.

"उतरलाय, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "केव्हाच उतरलाय. मीच तुम्हाला विचारलं नाही."