गोरेगोमटे अण्णा

दुकानाची जाहिरात असो, कॉलेजचा वार्षिक अंक असो की पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर, नांदेडात हणमंतच्या कॉम्प्युटरवर आलेला चेहरा गोरागोमटा, तुकतुकीत होऊनच बाहेर पडायचा. गिऱ्हाईकं त्यासाठीच तर त्याच्याकडं यायची.

त्याचे वडील, अण्णा, अलीकडं सगळंच विसरायला लागले होते. एका सकाळी ते घरातून निघून गेले. 'हरवले आहेत' असं पोस्टर हणमंतनं स्वतःच बनवलं, डोळे पुसत, घाईघाईत. शहरात एक भिंत सोडली नाही. एसटीच्या कंडक्टरांना हातापाया पडून गावोगावच्या स्टँडवरही पोस्टरं धाडली. पण कुणाचाच फोन येईना.

शेवटी वेड्यासारखा तो स्वतःच एकेक स्टँड पालथं घालत निघाला. मुखेडला चहाच्या गाड्याशेजारच्या खांबावर पोस्टर दिसलं. त्यावर बोट ठेवून त्यानं चहावाल्याला विचारलं, "मामा, ह्यांना कुठं बघितलंत का हो?"

"न्हाई बा. रोज बघून राहिलो की हे पोस्टर. असले साहेब हिकडं आले असते तर वळखलं नसतं का?" चहावाला म्हणाला. "ह्या खांबाला टेकून एक म्हातारं बसायचं तेवढं. पोरगा न्यायला येणार हाय म्हणायचं. पण ते काळंसावळं, गालावर हा एवढा भाजल्याचा डाग. काल कुठल्या गाडीत चढून गेलं, देव जाणे."



पोस्टरवरच्या अण्णांच्या नितळ गालावरून हणमंतनं बोट फिरवलं. तो डाग त्यानंच पुसला होता, सवयीनं.