कड्याची बाहेरची बाजू

वीस वर्षं मी हातात घालायच्या कड्यांवर अक्षरं कोरतोय. खाजगी मजकूर आला, की न विचारता आतल्या बाजूला. एका मुलीनं चिठ्ठी पुढे केली: ‘वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे. नाकातून नळी घालू नये.’ मी सवयीनं कडं उलटं केलं. “बाहेरून कोरा,” ती म्हणाली. शेजारी उभी असलेली तिची आई कुजबुजली, “अगं, चालून चालून बारीक झालीस असं सांगितलंय मी सगळ्यांना!” मुलगी हसली. “मी बेशुद्ध पडले, तर डॉक्टरांना ‘आत बघा’ म्हणून कोण सांगणार, आई?” इतकं रोखठोक गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. मी सुई टेकवली, तोच आईनं माझा हात धरला. मोडता घालणार असं वाटलं. “अक्षरं मोठी काढा,” ती म्हणाली. “घरात हिच्याजवळ मीच असते, घाबरले की मला काही आठवत नाही, आणि माझा मेला चष्मा कधी जागेवर नसतो.”